उजेडाचा सांधा

सप्टेंबर २०११ मध्ये भौतिकशास्त्राच्या जगात खळबळ उडाली. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो जमिनीखालून सुमारे ७३० किलोमीटर अंतर कापून इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोचत होते. 'ऑपेरा' या प्रयोगाच्या मोजमापानुसार त्यांना प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद कमी लागत होते. हे खरं ठरलं असतं तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतालाच धक्का बसला असता. संशोधकांनी पुढचे काही महिने सगळी यंत्रणा पुन्हा पुन्हा तपासली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये जे हाती लागलं त्याचा न्यूट्रिनोंशी संबंधच नव्हता. बाहेर जमिनीवरच्या जीपीएस यंत्राची वेळ आठ किलोमीटरहून लांब ऑप्टिकल फायबरमधून भूगर्भातल्या मुख्य घड्याळापर्यंत येत होती. त्या फायबरचा कनेक्टर पूर्ण आत बसलेला नव्हता.

कनेक्टर सैल असल्याने प्रकाश कमी मिळत होता. प्रकाश कमी, म्हणून 'संकेत आला' हे ओळखायला पलीकडच्या सर्किटला उशीर होत होता, आणि हा उशीर ७० नॅनोसेकंदांहून अधिक होता. खालचं घड्याळ तेवढं मागे पडलं, त्यामुळे न्यूट्रिनो लवकर आल्याचा भास झाला. घड्याळातली दुसरी एक चूक उलट दिशेने काम करत होती. दोन्ही जमेस धरल्यावर ६० नॅनोसेकंदांचं कोडं सुटलं. मार्च २०१२ मध्ये प्रयोगाच्या दोन प्रमुखांनी आपली पदं सोडली.

ग्रान सासोच्या खाली जे घडलं ते जगभरच्या संगणक-खोल्यांमध्ये रोज घडत असतं, फक्त त्याची बातमी होत नाही. बँकेच्या शाखेत सकाळी सकाळी 'सर्व्हर डाउन'ची पाटी लागते, रुग्णालयात स्कॅनचं चित्र डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, घरातल्या इंटरनेटच्या डबीवर 'एलओएस' असं लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकू लागतो. कारणं अनेक असतात. पण शोध घेत गेल्यावर पुष्कळदा एकच गोष्ट पुढे येते. कुठल्या तरी रॅकमध्ये, कुठल्या तरी स्विचच्या तोंडाशी काचेचं एक टोक मळलेलं असतं, अर्धवट बसलेलं असतं किंवा भलत्याच जागी लावलेलं असतं. लांबवर पसरलेली फायबर शाबूत असते, लाखो रुपयांचा स्विच शाबूत असतो; बिघाड असतो तो माणसाचा हात जिथे लागतो त्या सांध्यात.

नेटवर्क स्विच हे अनेक संगणकांना आणि सर्व्हरना एकमेकांशी जोडणारं यंत्र. त्याच्या पुढच्या बाजूला ओळीने चौकोनी पोर्ट असतात. तांब्याच्या केबलचे पोर्ट कारखान्यातूनच तयार येतात, फायबरच्या खाचा मात्र रिकाम्या येतात. त्यात धातूची एक छोटी डबी सरकवावी लागते, साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि सव्वा सेंटिमीटरहून थोडी जास्त रुंद. तंत्रज्ञांच्या तोंडी तिचं नाव 'एसएफपी'. तिच्यात एक बारीकसा लेसर असतो, येणारा प्रकाश ओळखणारा एक डायोड असतो आणि स्वतःची ओळख साठवणारी एक चिप असते. स्विचकडून विजेच्या रूपात आलेले एक आणि शून्य हा लेसर प्रकाशात उतरवतो. पलीकडून आलेल्या प्रकाशाचं डायोड पुन्हा विजेत रूपांतर करतो. साधं एसएफपी सेकंदाला १ अब्ज बिट पाठवतं, त्याच आकाराचं एसएफपी प्लस १० अब्ज, आणि त्यांचे थोडे रुंद भाऊबंद १०० किंवा ४०० अब्ज.

ही डबी, म्हणजे हे मॉड्यूल, स्विचमध्येच कायमचं बसवून का टाकत नाहीत, याला कारण आहे. एका पोर्टवरून शेजारच्या रॅकपर्यंत जायचं असतं, दुसऱ्यावरून ४० किलोमीटरवरच्या गावाला. दोन्ही कामांसाठी लागणारा लेसर वेगळा असतो. शिवाय सगळ्या भागांत लेसर लवकर थकतो. तो थकला की मॉड्यूल बदलायचं, स्विच तसाच ठेवायचा. सन २००० च्या सुमारास बऱ्याच कंपन्यांनी एकत्र बसून या डबीचा आकार आणि तिच्या मागचे २० सोनेरी संपर्कबिंदू ठरवून घेतले. हे संपर्कबिंदू मुद्दाम कमी-जास्त लांबीचे असतात. डबी आत सरकताना आधी अर्थिंग जुळतं, मग वीजपुरवठा, आणि शेवटी संकेतांच्या तारा. चालू स्विचमधून मॉड्यूल काढता-घालता येतं ते या रचनेमुळे. मात्र या सोयीचा अर्थ फार लोक चुकीचा घेतात. स्विच बंद करावा लागत नाही, इतकंच ही रचना सांगते. मनात येईल तेव्हा मॉड्यूल ओढून काढावं, असं ती सांगत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली काच माणसाने किती कष्टाने स्वच्छ केली, हे थोडं आठवायला हवं. पंजाबात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की प्रकाश वाटेत विरतो तो मुख्यतः काचेतल्या अशुद्धीमुळे. घट किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत खाली आणली तर काचेतून टेलिफोन चालवता येईल. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एकच हिस्सा उरणं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये ती पायरी ओलांडली. काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. भारतात टेलिफोन एक्स्चेंजांना स्थानिक पातळीवर जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली, ती पुण्यात. आज १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी चांगल्या फायबरमधली घट किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल आहे, म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर जेमतेम साडेचार टक्के प्रकाश कमी होतो.

या आकड्यावरूनच सांध्याचं महत्त्व कळतं. मळलेल्या कनेक्टरमध्ये सहज १ डेसिबल प्रकाश जातो. म्हणजे पाच किलोमीटर फायबर जितका प्रकाश खाते, तितका एकटा एक घाण कनेक्टर खातो.

लांब अंतराच्या, म्हणजे सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन असतो. त्याभोवतीच्या काचेसह तो १२५ मायक्रॉन होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर हा गाभा केसाच्या आठव्या हिश्शाइतका. अशा दोन फायबर समोरासमोर आणून टोकाला टोक भिडवलं की प्रकाश एकीतून दुसरीत शिरतो. मध्ये धुळीचा बारीकसा कण आला तर तो दोन गोष्टी करतो. प्रकाश अडवतो, आणि दोन टोकांच्या मध्ये फट ठेवतो. कनेक्टर आतल्या स्प्रिंगने एकमेकांवर दाबलेले असतात, त्यामुळे कडक कण काचेत रुतून कायमचा खड्डाही पाडतो. बोटाचा तेलकटपणा त्याहून फसवा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि धूळ धरून ठेवतो.

शक्तिशाली लेसरच्या मार्गांवर तर धोका आणखी वाढतो. एक मिलिवॅट ही तशी क्षुल्लक शक्ती, पण ती ९ मायक्रॉनच्या गाभ्यात कोंडली की दर चौरस मीटरचा हिशेब दुपारच्या उन्हाच्या पंधरा हजार पटींच्या घरात जातो. लांब पल्ल्याच्या मार्गांवर प्रकाश वाढवणारी यंत्रं शेकडो मिलिवॅट सोडतात. तिथे कनेक्टरवरचा कण जळतो, काचेवर चिकटतो आणि टोक कायमचं निकामी करतो.

म्हणून या धंद्यातल्या अनुभवी लोकांचा क्रम ठरलेला असतो. आधी टोक बघायचं, मग पुसायचं, पुन्हा बघायचं आणि मगच जोडायचं. बघायचं ते पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या छोट्या सूक्ष्मदर्शकाने. गाभ्याच्या भागात किती ओरखडे, किती डाग चालतील याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, त्यामुळे 'मला तर स्वच्छ दिसतंय' या वाक्यावर विसंबावं लागत नाही. पुसण्यासाठी पेनासारखं दिसणारं 'वन-क्लिक क्लीनर' मिळतं. ते कनेक्टरच्या तोंडाशी धरून दाबलं की आतली कोरडी फीत टोकावरून फिरते आणि प्रत्येक वेळी नवा, न वापरलेला भाग पुढे येतो. हट्टी डागासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारा कागद, आणि त्यानंतर लगेच कोरडं पुसणं, कारण अल्कोहोल सुकताना मागे वर्तुळ ठेवतं. शर्टाच्या बाहीला पुसणं किंवा तोंडाने फुंकर मारणं हे भारतातल्या किती तरी रॅकसमोर आजही चालतं. फुंकरीतून थुंकीचे बारीक थेंब काचेवर बसतात आणि बाहीतून तंतू. कनेक्टर आधीपेक्षा घाण होतो.

नवीकोरी पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल, पाकिटातून काढली म्हणजे ती स्वच्छच असणार, हाही गैरसमज आहे. टोकावरचं प्लॅस्टिकचं टोपण स्वतः धुळीचं असू शकतं. टोपण काचेला ओरखड्यापासून वाचवतं, स्वच्छतेची हमी देत नाही. आणि काढलेली टोपणं खिशात टाकून नंतर तीच लावली, तर खिशातला सगळा कचरा काचेवर जातो.

आता डोळ्यांबद्दल, कारण इथे हयगय परवडत नाही. फायबरमधून जाणारा प्रकाश ८५०, १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा असतो. माणसाचा डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच पाहतो. म्हणजे फायबरच्या टोकातून लेसर बाहेर पडत असला तरी समोर अंधारच दिसतो, पापणी मिटत नाही, मान वळत नाही. स्विचमधली बहुतेक मॉड्यूल नेहमीच्या वापरात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या वर्गातली असतात हे खरं, पण भिंग किंवा साधा सूक्ष्मदर्शक मध्ये आला की प्रकाश एकवटतो आणि ती वर्गवारी लागू राहत नाही. शिवाय हातातल्या फायबरचं पलीकडचं टोक नेमकं कुठल्या यंत्राला लागलं आहे हे रॅकसमोर उभ्या माणसाला नेहमी ठाऊक असतंच असं नाही. काही जण मोबाइलच्या कॅमेऱ्याने 'लाइट येतोय का' बघतात. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश काही कॅमेऱ्यांना फिका दिसतो, १३१० आणि १५५० चा दिसत नाही. पडदा काळा राहिला म्हणून फायबर मृत आहे असं धरून चालणं हा डोळा गमावण्याचा मार्ग आहे. प्रकाश आहे की नाही हे पॉवर मीटरने मोजायचं. पोर्टमध्ये किंवा कनेक्टरच्या तोंडात कधीच डोकवायचं नाही, फायबर बंद आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरीही.

मॉड्यूल बदलण्याचं खरं काम हाताच्या आधी डोक्यात सुरू होतं. कोणत्या स्विचचा कोणता पोर्ट, त्यावरून काय जातं, आणि तो बंद झाला तर वाहतूक दुसऱ्या मार्गाने जाईल का, याची खात्री कामाआधी करून घ्यायची. दुसरा मार्ग कागदावर असणं आणि तो प्रत्यक्षात भार उचलणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार भर सत्रात थांबले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या मार्गांत अडचण आल्याचं बाजाराने सांगितलं होतं, आणि त्या दिवशी व्यवहारांची वेळ संध्याकाळी ५ पर्यंत वाढवावी लागली. तिथे कुणी मॉड्यूल बदलत नव्हतं. पण दोन मार्ग असूनही काम अडू शकतं हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं. म्हणून जाणता अभियंता पोर्ट बंद करण्याआधी दुसऱ्या मार्गावरून वाहतूक जाताना स्वतः बघतो आणि आत्ताचे प्रकाशाचे आकडे टिपून ठेवतो. नंतर तुलना कशाशी करायची, हा प्रश्न मग उरत नाही.

पुढचं पाऊल म्हणजे स्विचला आज्ञा देऊन तो पोर्ट बंद करणं. त्याने आपल्या बाजूचा लेसर विझतो. पलीकडचा विझत नाही, हे विसरायचं नाही. मग मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक रॅकच्या अर्थिंगला. हा पट्टा ड्रॉवरमध्येच पडून राहतो, कारण त्याचा उपयोग दिसत नाही. साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतही नाही. मॉड्यूलमधल्या भागांना त्याहून कितीतरी कमी व्होल्टचा झटका पुरतो. वाईट म्हणजे त्याने मॉड्यूल लगेच मरेलच असं नाही. ते दुखावतं, चालत राहतं आणि काही आठवड्यांनी एखाद्या रात्री दगा देतं. तेव्हा कुणालाच मूळ कारण आठवत नाही. पुणे-मुंबईच्या पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून धोका कमी, असं मनात येईल. पण संगणक-खोलीतली वातानुकूलित हवा बाहेरच्या ऋतूवर चालत नाही.

आधी केबल काढायची, मग मॉड्यूल. केबलसकट मॉड्यूल ओढणं म्हणजे काचेवर जोर टाकणं. कनेक्टरची खिट्टी दाबून त्याच्या प्लॅस्टिकच्या अंगाला धरून तो सरळ बाहेर काढायचा, वायरला धरून नव्हे. लगेच दोन्ही टोकांना टोपणं. केबलवर नाव नसेल तर या क्षणी चिठ्ठी लावायची, कारण रॅकमध्ये सारख्या दिसणाऱ्या शंभर पिवळ्या केबली असतात आणि माणसाची स्मरणशक्ती रात्री दोन वाजता दिवसासारखी चालत नाही. मग मॉड्यूलच्या तोंडावरची तारेची कडी खाली पाडायची आणि ते सरळ ओढायचं. ते गरम असतं. नेहमीच्या मॉड्यूलच्या डबीचं तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, ४०० अब्ज बिटांची मॉड्यूल तर १२ वॉट किंवा त्याहून जास्त वीज खातात, त्यामुळे नवखा माणूस चटका बसल्याने दचकून ते खाली पाडतो. बाहेर आलेलं मॉड्यूल टेबलावर उघडं ठेवायचं नाही, ते अँटिस्टॅटिक पिशवीत जातं.

नवीन मॉड्यूल घालताना जी चूक सगळ्यात जास्त होते ती दिशेची. ज्या स्विचमध्ये पोर्टच्या दोन ओळी एकावर एक असतात, त्यात बहुधा खालच्या ओळीतलं मॉड्यूल उलटं घालावं लागतं. ते जात नाही म्हणून जोर लावला तर मॉड्यूलचे नाहीत, स्विचचे संपर्कबिंदू वाकतात, आणि मग काही हजारांचं काम लाखांवर जातं. योग्य दिशेने धरलेलं मॉड्यूल हलक्या हाताने आत सरकतं आणि शेवटी 'टक्' असा आवाज येतो. आवाज आल्यावरही एकदा अलगद ओढून बघायचं. खिट्टी लागली असेल तर ते हलत नाही. नंतर कनेक्टरचं टोक तपासून, पुसून तो लावायचा, आणि त्याचाही 'टक्' ऐकायचा. ग्रान सासोच्या डोंगराखाली जे राहून गेलं ते हेच, जोड पूर्ण आत बसला आहे याची खातरजमा.

मॉड्यूल आणि केबल एकमेकांना साजेशी आहेत का, हे रंगांवरून बरंचसं कळतं. पिवळी केबल सिंगल मोडची. नारिंगी जुन्या, कमी अंतराच्या मल्टिमोडची. फिकट निळसर हिरवी नव्या मल्टिमोडची, जिचा गाभा ५० मायक्रॉनचा असतो. मॉड्यूलच्या कडीवर काळा रंग असेल तर बहुधा ८५० नॅनोमीटर आणि कमी अंतर; निळा असेल तर १३१० आणि साधारण १० किलोमीटर. रंग हा इशारा समजावा, निर्णय लेबल वाचून करावा. दोन्ही टोकांना एकाच जातीची मॉड्यूल लागतात. एकाच फायबरवरून दोन्ही दिशांनी बोलणाऱ्या 'बायडाय' मॉड्यूलचं मात्र उलटं असतं, ती मुद्दाम वेगवेगळ्या तरंगलांबीची जोडी असते, आणि दोन्ही टोकांना एकच नग लावला तर काहीच चालत नाही. घरोघरी जाणाऱ्या फायबरला बऱ्याच ठिकाणी हिरवे कनेक्टर असतात. त्यांचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परत फिरणारा प्रकाश बाजूला निघून जातो. निळ्या कनेक्टरचं टोक तसं तिरकं नसतं. हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात, पण काचा नीट भिडत नाहीत आणि दोघांचीही टोकं खराब होण्याची भीती असते.

दोन फायबरच्या नेहमीच्या जोडीत एक पाठवते, दुसरी घेते. इकडचं पाठवणारं टोक तिकडच्या घेणाऱ्याला लागलं पाहिजे. सगळं बरोबर दिसूनही लिंक येत नसेल तर तंत्रज्ञ एका टोकाच्या दोन फायबरची अदलाबदल करून बघतात. फक्त एकाच टोकाची. दोघांनी फोनवर बोलत दोन्हीकडे अदलाबदल केली तर परिस्थिती होती तिथेच येते, आणि हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. १२ फायबर एकत्र आणणाऱ्या एमपीओ कनेक्टरमध्ये काहींना बारीक पिना असतात, काहींना भोकं. मॉड्यूलच्या आत पिना असतात, म्हणून केबल बिनपिनांची हवी. पिनांवर पिना दाबल्या तर मॉड्यूल वाया जातं.

केबल ओढून घेतल्यावर ती नीट लावणं हे काम कंटाळवाणं वाटतं आणि त्याच वेळी सगळे थकलेले असतात. फायबर वाकते, पण एका मर्यादेपर्यंत. वळण फार तीव्र झालं की प्रकाश गाभ्यातून बाहेर गळतो. साधा नियम असा की वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या दहा पटींहून कमी नको. ३ मिलिमीटरच्या केबलला ३ सेंटिमीटर. तीव्र वळण सोसणाऱ्या नव्या फायबर निघाल्या आहेत, पण रॅकमधली कुठली तशी आणि कुठली नाही हे नेहमी लिहिलेलं नसतं. प्लॅस्टिकच्या टायने आवळण्यापेक्षा कापडी वेल्क्रो पट्टी चांगली. उरलेली लांबी गुंडाळून बाजूला बांधायची. शेजारच्या पोर्टसमोर लोंबकळू दिली तर पुढच्या वेळी काम करणाऱ्याच्या कोपराने भलतीच लिंक पडते.

शेवटी पोर्ट चालू करायचा आणि आकडे वाचायचे. हिरवा दिवा लागला म्हणजे काम झालं, असं समजणारे अर्ध्यावर थांबतात. आधुनिक मॉड्यूल स्वतःचं तापमान, व्होल्टेज, लेसरचा प्रवाह, पाठवलेला आणि मिळालेला प्रकाश हे सगळं स्विचला सांगतं. मिळालेल्या प्रकाशाचा आकडा डीबीएममध्ये येतो. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, उणे तीन म्हणजे त्याच्या निम्मा, उणे दहा म्हणजे दहावा हिस्सा. १० अब्ज बिटांच्या आणि १० किलोमीटर पल्ल्याच्या मॉड्यूलला उणे १४.४ पर्यंत भागवता येतं. आकडा उणे १४ दाखवत असेल तर दिवा हिरवाच असेल, पण उन्हाळ्यात किंवा थोडी धूळ बसल्यावर तो विझेल. प्रकाश जास्त झाला तरी त्रास होतो. ८० किलोमीटरचं मॉड्यूल दोन मीटरच्या केबलवर थेट लावलं तर समोरच्या डायोडवर इतका प्रकाश पडतो की तो जळू शकतो; मध्ये प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर लावावा लागतो. यानंतर काही वेळ चुकांची मोजणी बघत राहायचं. ती वाढत नसेल तरच रॅकचं दार लावायचं.

नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत हा सांधा विज्ञानाच्या कामाला लागला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि प्रत्येकीने आकाशातून टिपलेला अतिक्षीण संकेत लेसरच्या प्रकाशावर बसून फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो. तीसही संकेत वेळेच्या काटेकोर हिशेबाने जुळवले जातात तेव्हाच त्या तीस तबकड्या मिळून एक दुर्बीण होते. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथे शाळकरी मुलांची झुंबड उडते आणि सगळ्यांच्या नजरा तबकड्यांवर असतात. मुलांना जमिनीखालून येणारी फायबर आणि तिची टोकं सांभाळणारी माणसंही दाखवायला हवीत.

रॅकसमोरच्या कामातली एक सवय मात्र बदलायलाच हवी. काढलेलं, बिघडलेलं मॉड्यूल बऱ्याच ठिकाणी 'बघू नंतर' म्हणून सुट्या भागांच्या खोक्यात जातं. वर्षभराने दुसरा कुणी घाईत तेच उचलतो आणि रात्रभर फायबरमध्ये दोष शोधत बसतो. बिघडलेल्या नगावर त्याच वेळी तारीख आणि लक्षण लिहून तो वेगळा काढायचा, याला दोन मिनिटंही लागत नाहीत. तसंच स्वस्तात मिळालेल्या मॉड्यूलचं. सगळ्यांचा आकार सारखा असला तरी काही स्विच आतल्या चिपमधलं कंपनीचं नाव वाचून परकं मॉड्यूल नाकारतात. हे विकत घेण्याआधी तपासायचं असतं, मध्यरात्री पोर्ट बंद करून ठेवल्यावर नव्हे.

आता काही कंपन्या ही डबीच काढून टाकायच्या मागे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांमध्ये हजारो मॉड्यूल लागतात आणि त्यांची वीज फार खर्ची पडते, म्हणून प्रकाशात रूपांतर करणारा भाग थेट स्विचच्या मुख्य चिपशेजारी बसवायची रचना पुढे आली आहे. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये असे स्विच जाहीर केले. त्यांतही लेसर वेगळा आणि बाहेरून बदलता येईल असाच ठेवला आहे, कारण आधी थकतो तो लेसरच. आणि चिपपासून निघालेली फायबर स्विचच्या पुढच्या पट्टीवर येऊन कनेक्टरलाच मिळते. तो लावण्याआधी त्याचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.